वरची गाडी कुणाची

सोम. ३ नोव्हें.
आज शिवराजनं नवीनच काढलं. मी शाळेतून आले, चपला काढते न काढते तोच हा जिन्यावरून खाली. "वहिनी, पार्किंगमध्ये गाडीची लिफ्ट बसवावी म्हणतो. एक गाडी वर, एक खाली." मोबाईलवर फोटो दाखवला. चार लोखंडी खांब, त्यावर पत्र्याचा पाट, पाटावर गाडी. तिच्या पोटाखाली दुसरी.
मी म्हटलं, चहा टाकू का?
म्हणाला, "खर्च मी करतो. तुम्ही फक्त हो म्हणा."
दीर आपणहून खर्च करतो म्हणाला की बाईनं आधी दाराची कडी बघावी.

बुध. ५ नोव्हें.
त्याची अडचण खोटी नाही, तेवढं लिहून ठेवते. लातूरच्या आमच्या गल्लीत आता चालायला जागा नाही. घरोघर मेस, घरोघर अभ्यासिका. आमच्याही पुढच्या दोन खोल्यांत त्याच्या क्लासची पोरं खुर्चीला खुर्ची लावून अभ्यासाला बसतात. त्यांच्या सायकली, स्कूट्या दारात. त्यातच शिवराजची नवी उंच गाडी रस्त्यावर उभी, रोज एक ओरखडा. आणि आत सावलीत ऐसपैस कोण? आमची निळी मारुती आठशे. हे गेल्यापासून एकदाही बाहेर निघाली नाही. शिवराजच रविवारी सुरू करतो, दहा मिनिटं घुरघुर करतो, बंद करतो. बॅटरी उतरू नये म्हणून, म्हणे.
मी म्हटलं, आमची काढा बाहेर, तुमची लावा आत.
"दादाची गाडी रस्त्यावर? नको वहिनी."
इतकं गोड बोलायची याला सवय नाही. पोरांवर ओरडून ओरडून याचा आवाज बसलाय.

रवि. ९ नोव्हें.
नांदेडहून लिफ्टवाला आला होता. पांढरा शर्ट, हातात लेझरचं यंत्र, भिंतीवर लाल ठिपका मारून माप घेतो. आमचा स्लॅब उंच. सासऱ्यांना तिथं ट्रॅक्टर ठेवायचा होता, म्हणून उंच घेतला. ट्रॅक्टर कधी आला नाही. लिफ्टवाला खूश. "जागा एक नंबर हाय, साहेब. अशी उंची शोधून मिळत न्हाई."
मग तो पार्किंगच्या मागं माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला आला. तिथंही लाल ठिपका. मग वर मान करून कॉलम बघितले, दोघं हळू बोलले.
मी विचारलं, स्वयंपाकघरात कोणती गाडी लावणार?
शिवराज हसला. लिफ्टवाला म्हणाला, लिफ्टच्या मोटारीसाठी जागा बघून राहिलो. मोटार एवढीशी असते, हे मला फोटोत दिसलं होतं.

सोम. १० नोव्हें.
जेवणाच्या डब्यासारखं वाटलं होतं आधी. डब्यात वरचा कप्पा काढल्याशिवाय खालचा निघत नाही. इथं उलटं. खालची गाडी बाहेर काढल्याशिवाय वरची उतरत नाही. म्हणजे वरची गाडी खालच्याच्या मेहेरबानीवर.
आणि वर कुणाची, हे कुणी मला विचारलंच नाही. सगळे धरूनच चाललेत.

मंगळ. ११ नोव्हें.
गच्चीवर पापड वाळत घालायला गेले. सुरेखा आतल्या खोलीत फोनवर, बहुतेक तिच्या आईशी. अर्धंच ऐकू आलं. "...वहिनींचं एकदा वर गेलं की खालचं सगळं मोकळं."
पापड अर्धे तसेच टाकून खाली आले.
जाऊ म्हणून सुरेखानं आजवर मला उलट शब्द दिला नाही. तेच तर. एकोणीस वर्षांत एकदाही भांडण नाही, म्हणजे पोटात काय असेल.

गुरु. १३ नोव्हें.
ओंकारला फोन केला. हैदराबादला त्याच्या ऑफिसात कायम मागं कुणीतरी हसत असतं. म्हणाला, "आई, काका म्हणतो तसं कर ना. ती गाडी नाहीतरी विकायचीच आहे कधीतरी."
कधी ठरलं? कुणी ठरवलं? पोरगा माझा, आणि ठराव वरच्या मजल्यावर.
फोन ठेवल्यावर पार्किंगमध्ये गेले. गाडीत बसले. यांच्या बाजूला नाही, यांच्या जागेवर. सीट मागं होती, पाय पोचेनात.

शनि. १५ नोव्हें.
लिफ्टवाल्यानं जाताना एक वाक्य टाकलं होतं, ते आज डोक्यात शिरलं. "रोज निघणारी गाडी खाली, उभी राहणारी वर. हाच रूल असतो, मॅडम."
बरं. मग माझी रोज निघाली तर?
शमीमला विचारलं. ती शेजारच्या उर्दू शाळेत शिकवते, मागच्याच गल्लीत राहते, स्वतःची गाडी स्वतः चालवते. शिकवशील का म्हटलं. ती बघतच राहिली. "तुला? आता? रिटायर व्हायच्या वक्ताला?"
हाव, म्हटलं. आताच.
घरी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं.

मंगळ. १८ नोव्हें.
लर्निंगचा कागद मिळाला. संगणकावर चित्रं दाखवतात, खुणांचे अर्थ विचारतात. माझ्या पुढं-मागं सगळी कोवळी पोरं. एकानं विचारलं, मावशी, तुम्ही कुणासोबत आलात?

गुरु. २० नोव्हें.
सकाळी शाळेआधी मैदानावर. गाडी बाहेर काढताना शिवराज क्लासवर होता, सुरेखानं खिडकीतून बघितलं. शमीम शेजारी बसून ओरडते. "अगे क्लच हळू सोड! हळू! गाडी हाय, बैल न्हाई, आर काय मारते?" सारखी बंद पडली. मग एकदा चालली. अख्खी फेरी मारली. मग शमीमनंच टाळी दिली.
घरी आल्यावरही डावा पाय क्लच दाबत होता. चपातीसुद्धा नीट लाटता आली नाही.

शनि. २२ नोव्हें.
घात झाला. परतताना गेटमधून आत घेते तर शिवराजची गाडी नेमकी दाराला चिकटून उभी. माझा उजवा आरसा तिच्या अंगावरून अस्सा गेला. पांढरी लांब रेघ. मागच्या दारापासून पुढच्या चाकापर्यंत.
सुरेखा खाली आली. रेघेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं. "वहिनी, मुद्दाम नाही ना केलं?"
मी? मुद्दाम?
शिवराज संध्याकाळी खाली आला, गाडीला एक चक्कर मारली. "तुम्ही गाडी शिकताय?" एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं. वर गेल्यावर दोघं बराच वेळ बोलत होते.
आजवर मी त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत होते, तीच नजर आज त्यांच्या डोळ्यांत दिसली. आणि मला ती सोसली नाही. माझी नजर मात्र बरोबर, असं मनात येतंच.

रवि. २३ नोव्हें.
नांदेडला जाऊन आलो. शिवराज म्हणाला, चला, बसवलेली लिफ्ट डोळ्यांनी बघा, मग बोला. रेघवाल्याच गाडीतून. अहमदपूरला स्टँडसमोर चहा घेतला. रेघेबद्दल अवाक्षर नाही. चहा मात्र त्यानं स्वतः आणून दिला.
नांदेडला एका डॉक्टरांचा बंगला. लिफ्टवाला तिथं हजर. बटण दाबलं, गाडी हळूहळू वर गेली, मध्येच खट् खट् आवाज. म्हणाला, ती कुलपं हाय, दर टप्प्याला लागत जातात, मोटार बंद पडली तरी खाली येत न्हाई. लाईट गेली तर? हाताचा पंप हाय.
मी डॉक्टरांच्या बायकोला बाजूला विचारलं, वरची गाडी कुणाची?
"माझी."
आणि खालची बाहेर काढायची झाली तर?
"तिची चावी यांच्याकडं. हे दवाखान्यात. मी आपली ऑटोनं जाते." आणि हसली. तिला खरंच काही वाटत नव्हतं. मलाच वाटलं.
मी शिवराजला तिथंच सांगणार होते, की बास, कळलं. तेवढ्यात लिफ्टवाला म्हणाला, "साहेब, ते भूकंपाचं तुम्ही चौथ्यांदा विचारलं होतं ना, कंपनीच्या इंजिनियरला विचारून ठेवलंय. बोल्ट किती खोल पायजे, फरशीखाली काँक्रीट किती पायजे, सगळं. मॅडमलाच भीती हाय ना?"
शिवराज एकदम खाली बघायला लागला.
मी कुणालाच काही बोलले नव्हते. शमीमलासुद्धा नाही.

सोम. २४ नोव्हें.
काल परतीचं लिहिलं नाही. झोप आली नाही, पण लिहवलंही नाही.
लोह्याच्या पुढं आल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, मला भीती आहे असं तुम्हाला कोण बोललं?
म्हणाला, "वहिनी, तुमच्या आईला आम्हीच काढलं होतं ना. मी आणि दादानं."
हो. माझं माहेर किल्लारीजवळचं. माळवदाची घरं, वर मातीचं जड छत. भूकंपाच्या त्या सकाळी हे दोघं मिळेल त्या टेम्पोनं तिकडं गेले, मला नेलं नाही. शिवराज तेव्हा बारावीला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या केसांत सगळी पांढरी माती, आणि तो न्हाणीत जाऊन बसला, बाहेरच येईना. मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. दोघं मिळून इतकी वर्षं गप्प राहिलो.
"तुम्ही अजून पंख्याखाली झोपत नाही," म्हणाला. "मला दिसतं. डोक्यावर टन टन लोखंड टांगायचं तर विचारून नको घ्यायला?"
खिडकीबाहेर बघत बसले. कापसाचे ट्रक.
मग मन असं की तिथंही थांबेना. अहमदपूर आलं तसं विचारलं, मग स्वयंपाकघराची भिंत कशाला मोजली?
त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग खरं बोलला. त्याला वर आणखी मजले चढवायचेत. मुलींचं होस्टेल. कॉलम सोसतील का, ते त्या इंजिनियरकडून कळेल म्हणून मापं. "पण आत्ता नाही. आणि तुम्हाला विचारल्याशिवाय नाही."
म्हणजे त्याला माझी काळजी आहे हेही खरं, आणि माझा संशयही खरा. आता यातलं एक टाकून दुसरं कसं ठेवू?

शनि. २९ नोव्हें.
गाडी रोज काढते. आता उघड. शाळेपर्यंत शमीमसोबत. रिव्हर्स अजून वाकडा. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, अय्या. पोरी गेटाशी उभ्या राहून बघतात.
सुरेखा मात्र दोन दिवस बोलत नाही. पापडांचा डबा परत आला, रिकामाच. कधी रिकामा देत नाही ती.

मंगळ. २ डिसें.
शिवराजच्या क्लासची आता नांदेडलाही शाखा. आठवड्यातून दोन दिवस तिकडं. लिफ्टवाल्याचा फोन, कधी कळवता म्हणून. शिवराज म्हणाला, वहिनी सांगतील तेव्हा. सगळं माझ्यावर ढकलून ठेवलंय. उद्या काही बिघडलं की म्हणायला मोकळे.

शुक्र. ५ डिसें.
आज घडलं ते लिहिते.
सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं. आधी डबे खुळखुळले. मला वाटलं मांजर. मग पायाखालून ती घुर्र. ती ओळखीची. गॅस बंद केला का नाही आठवत नाही, मी रस्त्यावर होते, अनवाणी. अभ्यासिकेतली पोरं सगळी बाहेर, एकाच्या हातात पेन तसंच. एवढंसंच झालं. कुणाचं काही पडलं नाही. पण लाईट गेली, फोन लागेनात.
सुरेखा जिन्यावरून उतरली ती रेलिंगला धरून. शिवराज काल संध्याकाळीच नांदेडला, गाडी घेऊन. कुणीतरी म्हणालं, अहमदपूरकडं जास्त झालंय. कुणाला काय माहीत, पण म्हणालं. सुरेखाची आई अहमदपूरला एकटी, घर अजून माळवदाचंच. ही फोन लावते, लागत नाही, परत लावते.
मग माझ्याकडं वळली. "वहिनी, गाडी काढता?"
गेल्या आठ दिवसांत हेच पहिलं बोलणं.
मी म्हटलं, माझं लर्निंग आहे, हायवेवर... तेवढ्यात शमीम आली, आमचं काय झालं बघायला, ओढणी उलटी घेतलेली. तिला काही सांगावं लागलं नाही. पुढच्या सीटवर बसली. "चल. मी हाय ना. ट्रक आला की डावीकडं दाब, बाकी मला सांग."
चालवली. घाटात दोनदा बंद पडली. मागं ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, सुरेखा मागं बसून "बसवा, बसवा" म्हणतेय, बसवेश्वराला की मला, कळेना.
अहमदपूरला म्हातारी अंगणात बसून शेंगा फोडत होती. आम्हाला बघून मलाच म्हणाली, "आज शाळा न्हाई का गं तुला? आन् ही गाडी कोण आणली?" सुरेखा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली, तर म्हातारी म्हणते, उठ, साडीला टरफलं लागतील.
तिला घेऊनच परत आलो. ती यायला तयार नव्हती, शमीमनं हाताला धरून बसवली.

शनि. ६ डिसें.
सुरेखा सकाळी खाली आली. पापडाच्या डब्यात तिळाच्या पोळ्या. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली, अशी कधी बसत नाही.
म्हणाली, "ती गाडी काल वर असती तर? लाईट नव्हती. हातानं पंप मारून उतरवायला, जमीन हलल्यानंतर त्या खांबांमध्ये कोण गेलं असतं? तुम्ही की मी?"
मी म्हटलं, कुणीच नाही.
"हेच मी यांना रात्री सांगितलं."
मग मी विचारून टाकलंच. ते गच्चीवरचं, फोनवरचं. वहिनींचं वर गेलं की.
तिला आधी आठवेना. मग तोंडावर हात ठेवला. "अहो, गाडीचं! वहिनींचं वाहन म्हणत होते मी. तुम्ही काय समजलात?"
मी काय समजले ते सांगितलं नाही. तिला कळलं. थोडा वेळ दोघी पोळी खात बसलो. मग ती म्हणाली, "रेघेचं मीही समजले होते, तुम्ही मुद्दाम केलं."
आणि अजूनही थोडं समजते, असं मला तिच्या आवाजावरून वाटलं. विचारलं नाही.

सोम. ८ डिसें.
शिवराजचा नवा प्रस्ताव. जड गाडी पेलणारी लिफ्ट घ्यायची. त्याची गाडी वर, माझी खाली. फरशी फोडून नवं काँक्रीट, बोल्ट इंजिनियर सांगेल तेवढे खोल. गाडी कधीही काढता येईल मला, कुणाला विचारायला नको. खर्च आणखी वाढतो, तोही त्याचाच.
जे मला पाहिजे होतं तेच. आयतं ताटात.
शमीमला सांगितलं तर म्हणाली, "मग रडते कशाला?" रडत नाही, म्हटलं, विचार करते. "तुझा विचार म्हंजी नुसता शक. अल्लानं चांगलं दिलं तरी पावती मागशील."

मंगळ. ९ डिसें.
त्याला क्लासच्या पहिल्या बॅचला उजाडायच्या आत निघावं लागतं. म्हणजे त्याची गाडी वरून उतरवायची तर माझी आधी बाहेर काढावी लागणार. रोज. आता आलं लक्षात.
संध्याकाळी तोच म्हणाला, "वहिनी, तुमच्या गाडीची एक चावी वर ठेवावी लागेल. तुम्हाला रोज पहाटे उठवायचं म्हणजे..."
यांची चावी. ज्या कडीत यांनी देवाचा शिक्का अडकवला होता ती मी वापरते. दुसरी कपाटात, लॉकरमध्ये, मंगळसूत्राशेजारी. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सुरेखाची आई वरून ओरडली, वरण करपतंय, त्यावर सुटले.

बुध. १० डिसें.
दिली तर त्याला गाडी कधीही काढता येईल. मग खाली असून उपयोग काय? आज बाहेर काढेल, परत लावेल. उद्या घाईत असेल, रस्त्यावरच ठेवून जाईल. परवा म्हणेल, रस्त्यावरच राहू दे.
न दिली तर? भूकंपाचं चारचारदा विचारणाऱ्या माणसाला मी चावी देत नाही, असं होतं.
पांढऱ्या मातीचा तो पोरगा सारखा डोळ्यांसमोर येतो. आणि लेझरचा लाल ठिपकाही.

गुरु. ११ डिसें.
लिफ्टवाला सोमवारी फरशीवर खुणा करायला येतो म्हणाला, आज पक्कं सांगा. शिवराज, सुरेखा, तिची आई, सगळे खालीच जेवायला बोलावले. शेपूची भाजी, भाकरी, ठेचा.
जेवणं झाल्यावर म्हटलं, बसवा. तुमची वर, माझी खाली. पण चावी माझ्याकडंच राहील. पहाटे मी उठेन, माझी गाडी मी काढेन, तुमची उतरली की मी परत लावेन.
शिवराज म्हणाला, "रोज?"
रोज.
"थंडीत? पावसात?"
म्हटलं, लातूरला पाऊस कितीसा पडतो.
सुरेखानं त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं आता हिशेब निघणार, घर कुणाचं, जागा कुणाची, सगळं निघणार. मी पदर खोचून तयारच होते.
तो म्हणाला, "ठीक आहे वहिनी. तसंच करू." आणि उरलेला ठेचा मागितला.
बस. एवढंच. वाद नाही, तोंड वाकडं नाही. म्हातारीसुद्धा म्हणाली, शहाणा हाय माझा जावई.
आता वर फोनवर लिफ्टवाल्याशी बोलणं चाललंय. हसण्याचा आवाज येतोय.
मी जिंकले म्हणायचं का? जे मागितलं ते सगळं मिळालं. शमीमला उद्या सांगितलं तर ती कपाळावर हात मारेल, म्हणून तिला हे सांगणार नाही, इथंच लिहिते. एवढ्या पटकन हो म्हणाला, ते माझ्यासाठी, की त्या होस्टेलच्या मजल्यांसाठी, की